पिंजारी राजाचं नाणं

भाद्रपद संपत आला आणि परतीचा पाऊस सुरू झाला की आमच्या धाराशिवकडची माणसं दोनच गोष्टी विचारतात. सोयाबीन निघालं का, आणि देव उजळून आणले का. सोयाबीन माझ्याकडं नाही, देव भावाकडं आहेत. मी तुळजापूरच्या पोस्टात खिडकीवर बसते. नवरात्राच्या तोंडावर गर्दी वाढते, पार्सलं भिजू नयेत म्हणून ताडपत्री ओढून घेते, एवढाच माझा आणि या पावसाचा संबंध असायला हवा. तसा तो नाही. या दिवसांत मला दरवर्षी तेरची पांढर आठवते. यंदा ती आठवण नासली, म्हणून लिहायला बसले आहे.

काळी म्हणजे शेताची माती, पांढरी म्हणजे गावाची. माझ्या माहेरी, तेरला, तेरणेच्या काठानं पांढरीची टेकाडं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी पेठ होती, समुद्रापलीकडचा माल इथवर यायचा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आम्हाला पुस्तकाची गरज नव्हती. परतीचा पाऊस दोन दिवस आडवातिडवा कोसळला की टेकाडाची कड ढासळायची आणि उघड्या पडलेल्या मातीत मणी दिसायचे. लाल, काळे, दुधी. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखाद्या खापराचा कान. पाऊस उघडला की गावातल्या पोरी मणी वेचायला निघायच्या. त्याची रीत ठरलेली होती. ऊन तिरपं असताना जायचं. उन्हाकडं तोंड करून चालायचं, म्हणजे ओला मणी आपण होऊन चमकतो. चपला हातात धरायच्या, कारण ओली पांढर साबणासारखी निसरडी. आणि खणायचं नाही. पाऊस देईल तेवढंच घ्यायचं. त्या मातीला विझलेल्या चुलीवर पाणी पडल्यावर येतो तसा वास असायचा. दोन हजार वर्षांच्या राखेचाच तो वास, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्यासोबत कायम शबाना असायची. तिचे वडील बांगड्या विकायचे, त्यामुळं काच कुठली आणि दगड कुठला हे ती मणी दाताला लावून सांगायची. दगड गार लागतो म्हणायची. मला दोन्ही सारखेच लागायचे. आम्ही पहिलीपासून एका बाकावर होतो. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं आणि गणित माझ्याहून पक्कं. हे आधीच सांगून टाकते.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी आम्ही बारावीत होतो. त्या साली पाऊस लांबला होता. भाद्रपदातल्या एका सकाळी शबाना टेकाडाच्या उतारावर एकदम खाली बसली. मातीतून तिनं काहीतरी उचललं, ओढणीच्या टोकानं टिपलं आणि ओरडली.

"नलू, इकडं ये! माझा मामू सापडला!"

तिच्या तळहातावर चांदीचं नाणं होतं. जुन्या चार आण्याएवढं, कडेनं थोडं वाकडं. एका बाजूला दाढीवाला राजा, डावीकडं बघणारा, कपाळाला पट्टी आणि पट्टीच्या फिती मानेमागं लोंबत असलेल्या. दुसऱ्या बाजूला एक माणूस चौरंगावर बसलेला, हातात धनुष्य. भोवतीनं चौकोनात कसलीतरी काड्याकाड्यांची अक्षरं.

शबानाचे मामू पिंजारी होते. गाद्या भरायला घरोघरी जायचे, ओसरीवर बसून कमानीनं कापूस पिंजायचे. नाण्यावरचा माणूस खरंच तसाच बसला होता.

"कमान बघ, बसणं बघ. फक्त कापूस दाखवायचा राहिला," ती म्हणाली. "तुझ्या अण्णांना दे. त्यांना आवडतं असलं."

नाणं तिला सापडलं, तिनं ते मला दिलं. हेही आधीच सांगून ठेवते.

अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावात सापडलेल्या जुन्या वस्तू ते जमवायचे. जमवणं म्हणजे कपाटात कोंबणं नव्हे. प्रत्येक वस्तूला कागदाची पुडी, पुडीवर कुठलं टेकाड, कुठली बाजू, कुणाला सापडली. एकदा शेजारच्या काकूंनी एक तांब्याचं नाणं चिंच लावून घासलं, तर अण्णा त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. "चिंचेनं मळ निघतो आणि राजाबी निघून जातो," म्हणायचे. नाणं कडेनंच धरायचं, पालथ्या हातानं द्यायचं नाही, ओलं ठेवायचं नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. माझ्या भावाला त्यात गोडी नव्हती. मला होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. निदान मी तसं धरून चालले होते.

नाणं त्यांनी खिडकीशी नेऊन उलटंसुलटं केलं.

"सातवाहनाचं न्हाय. रोमनबी न्हाय."

"मग कुणाचं?"

"ते तू शोधायचं. नाणं तुझं."

ते माझ्या जुन्या कंपासपेटीत गेलं. खाली शबानाच्या मामूंनी दिलेला कापूस. आम्ही दोघींनी वहीचा कागद नाण्यावर ठेवून पेन्सिल घासली आणि दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. शबानानं ठशाखाली लिहिलं, 'पिंजारी राजा'. ती वही अजून माझ्याकडं आहे.

त्याच दिवसांत पुण्याहून एक प्राध्यापक बाई विद्यार्थी घेऊन टेकाडं बघायला आल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी अण्णांच्या पुड्या पाहिल्या आणि हे नाणं हातात आल्यावर बाकी सगळं बाजूला सारलं. मग मला म्हणाल्या, "बारावी झाली की पुण्याला ये. प्राचीन इतिहास घे. हे नाणं घेऊन ये, आपण मिळून याचा राजा शोधू. वसतिगृहाचं मी बघते." अण्णा हात जोडून उभे होते. "पाठवतो की, बाई. पोरगी हुशार हाय," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज वाटली नाही.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. यात कसली भावनेची गोष्ट नाही, ती वस्तुस्थिती आहे. पाऊस पडत होता, घरात ओल्या कपड्यांचा आणि उडदाच्या पापडांचा वास होता, मी पुस्तक उघडून बसायची आणि मनातल्या मनात पुण्यात असायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कंपासपेटी उघडली, तर कापूस होता, नाणं नव्हतं.

अण्णांनी पेटी हातात घेतली, कापूस उचकून पाहिला आणि परत ठेवला. मी मनाशी जुळणी केली. पेटी शेवटची शबानाच्या हातात होती, आणखी एक ठसा घ्यायला म्हणून तिनंच उघडली होती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत, सगळ्या मुलींसमोर, मी तिचं दप्तर वर्गात उपडं केलं. काही निघालं नाही. तिनं वह्या गोळा केल्या, दप्तर खांद्याला लावलं आणि गेली. परत कॉलेजात आली नाही. बारावीची परीक्षा दिली नाही. पुढच्या वर्षी तिचं बेंबळीला लग्न झालं, एवढं कानावर आलं.

संध्याकाळी अण्णांना मी दप्तराचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "जाऊ दे, नलू. गरिबाची पोर हाय."

या वाक्यावर मी तेहतीस वर्षं विश्वास ठेवला. त्यात आळही होता आणि क्षमाही होती. मला तर वाटलं, केवढा मोठा माणूस आहे आपला बाप.

पुण्याचं आपोआप बारगळलं. "नाणंच न्हाय, तर कुठल्या तोंडानं जायचं बाईंकडं?" हे अण्णांचं म्हणणं मला पटलं. मी धाराशिवला बी.ए. केलं, पोस्टाची परीक्षा दिली, नोकरी लागली, लग्न झालं. वाईट काही झालं नाही. पोस्टाचं काम मला आवडतं. नीट उमटलेला शिक्का बघून अजूनही बरं वाटतं.

टाळेबंदीच्या काळात पोस्ट उघडं असायचं आणि खिडकीवर कुणी नसायचं. तेव्हा एका दुपारी मी मोबाईलवर त्या धनुष्यवाल्याचा शोध घेतला. दहा मिनिटांत सापडला. एक नाही, शेकड्यांनी. सगळे तसेच बसलेले, सगळ्यांच्या हातात तीच कमान. ते पार्थियन राजे. शाळेच्या पुस्तकात शक-पल्हव म्हणून जोडीनं येतात, त्यातले पल्हव. राज्य इराणात, आणि नाणी व्यापाऱ्यांच्या थैलीतून कुठल्या कुठं गेलेली.

गंमत अशी की त्यांच्यातला जो गादीवर बसेल तो स्वतःला अर्शक म्हणवून घ्यायचा. पहिल्या राजाचं नाव तेच पुढं सगळ्यांचं. म्हणजे तोंडं वेगळी आणि नाण्यावर नाव एकच. मग दाढी किती लांब, केसांच्या बटा किती, पट्टीच्या फिती किती, असं मोजून अभ्यासक राजा ठरवतात. काहींचा तरीही पत्ता लागत नाही. त्यांच्यापुढं 'अज्ञात राजा' असं लिहितात आणि पुढच्या पानावर जातात. काड्याकाड्यांची अक्षरं ग्रीक होती. पुढं पुढं ठसा कोरणाऱ्यांना ग्रीक येईना. ते आधीच्या नाण्यावर बघून रेघा ओढायचे. आमचा तारखेचा शिक्का झिजला की असाच उमटतो. पत्र पोचतं, कुठून आलं ते कळत नाही.

घराणंही काय होतं! ओरोदेस नावाच्या म्हाताऱ्या राजाला त्याचा मुलगा फ्रातेस यानं विष दिलं, तर त्या विषानं बापाचा जुना आजारच बरा झाला, म्हणून मग गळा दाबला म्हणतात. पुढं त्या फ्रातेसलाही त्याच्याच मुलानं संपवलं, आईच्या मदतीनं, आणि त्या आईचं तोंड मुलाच्या नाण्यावर आलं. मी हे वाचून एकटीच हसले होते.

वहीतल्या ठशांचा फोटो काढून मी एका जाणकारांना पाठवला. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. ठशावरून हे त्या अज्ञात राजांपैकी एकाचं वाटतं, असलं नाणं तुमच्या भागात मिळाल्याचं माझ्या माहितीत नाही, प्रत्यक्ष बघायला मिळेल का? मी कळवलं, "नाणं चोरीला गेलं. मैत्रिणीनं नेलं." पन्नाशीकडं झुकलेल्या, शहाण्यासुरत्या बाईनं हे स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं.

अण्णा गेल्या वर्षी वारले. त्यांचं तेरचं घर भाड्यानं द्यायचं होतं, ते रिकामं करायला यंदा भाद्रपदात मी रजा काढली. वाटेत भावाकडं थांबले, तर वहिनीनं माझ्या हातात एक रुमाल ठेवला.

"ताई, तेरला चाललाच आहात, तर देवीचा टाक तेवढा नागूकाकांकडं टाकता का? नाकडोळे पार गेलेत. घटाला अशी देवी कशी बसवायची?"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. बोटभर उंचीचा. वर्षानुवर्षं पुसून झिजला की सोनार तो उजळून देतो, फारच झिजला तर वितळवून पुन्हा घडवतो. नागूकाका आमच्या घरचे सोनार. आता ऐंशीच्या पुढं गेलेत, दुकान मुलगा बघतो, ते बाजूला खुर्ची टाकून बसतात. मी टाक मुलाच्या हातात दिला, तर काकांनी तो मागून घेतला आणि उजेडात धरला.

"हा म्याच घडवला."

"आमचे सगळे टाक तुमचेच की, काका."

"सगळ्याचं न्हाय म्हणत मी. ह्यात ते राजाचं नाणं हाय. कमानवाला गडी बसलेला."

मी बाकड्यावर बसले. "कुठून आलं तुमच्याकडं?"

"मास्तरांनी आणून दिलं. घटाच्या दोन दिस आधी. म्या म्हणलं, मास्तर, हे लई जुनं दिसतंय, दुसरी चांदी घालतो. न्हाय म्हणले. हेच घाला, देवाच्या कामी लागू द्या."

"आणि तुम्ही वितळवलं."

"समोर बसून व्हते ते. मुशीत पार पाणी हुईस्तवर उठले न्हाईत."

"इतकी वर्षं बोलला नाहीत, काका?"

"देवीची आण घातली व्हती. म्हणले, पोरगी ह्या नाण्याच्या पायी पुण्याला चाललीय, एकदा गेली की हातची गेली. आता मास्तरच न्हाईत, तर आण कुणाची पाळायची?" मग टाक मुलाकडं सरकवत म्हणाले, "उजळायचाच ना?"

"नाही," मी म्हटलं. टाक रुमालात गुंडाळला आणि उठले. वहिनीला फोन करून नवीन टाक घ्या म्हणून सांगितलं. तिनं कारण विचारलं, ते मी दिलं नाही.

त्या दिवशी पाऊस होता, घरात अजून निम्मं सामान बांधायचं होतं, ते मी बांधलं. हात चालू होते म्हणून डोकं ताळ्यावर राहिलं. चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या नाण्यासाठी महिनाभर अबोला धरणारा माणूस मुशीसमोर बसला होता. त्यानं नाणं नदीत फेकलं नाही, विकलं नाही. देवीच्या अंगात घातलं. हे मला नीट समजतं, कारण मी त्याच घरात वाढले आहे. आमच्याकडं कुठलंही कृत्य देवापुढं नेऊन ठेवलं की ते वाईट राहत नाही, अशी समजूत आहे. लग्न होईपर्यंत दर नवरात्रात त्या टाकाला मी कुंकू लावलं. बारावीला चांगले मार्क पडू देत म्हणून त्यालाच हात जोडले. अण्णा शेजारी बसून आरती म्हणत होते. आवाज चांगला होता त्यांचा.

त्या पार्थियन घराण्यात मुलगे बापांना मारायचे. आमच्याकडं पद्धत वेगळी आहे. आमच्याकडं बाप मुलीला जिवंत, जवळ आणि कृतज्ञ ठेवतो.

पुड्या सगळ्या तशाच होत्या, त्यांच्या सुबक अक्षरातल्या. एकाही पुडीवर खोटं लिहिलेलं नव्हतं. पिंजारी राजाची पुडी नव्हतीच. मला ते जास्त लागलं. हरवलं म्हणून तरी लिहायचं. खोटं नोंदवायचं त्यांना जमलं नाही, माझ्याशी बोलायचं जमलं.

दुसऱ्या दिवशी मी बेंबळीची एसटी धरली. एवढ्या वर्षांत बेंबळीला कधी उतरले नव्हते. काम पडलं नाही असं म्हणायची, काम पडलं तर टाळायची. शबानाचं बांगड्यांचं दुकान स्टँडजवळच आहे, कुणालाही विचारलं तरी दाखवतात. केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. समोर एक मुलगी हात पुढं करून बसली होती, लग्न ठरलेली असावी, तिची आई शेजारी. शबानानं मान वर केली.

"मास्तरांची नलू. ये. बांगड्या भरायच्या?"

"नाही. बोलायचंय."

"बोल. माझे हात चालू राहतील."

मी सगळं सांगितलं. नागूकाका, मूस, देवीची आण, पुणं. टाक रुमालातून काढून तिच्यापुढं गादीवर ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"म्हणजे मामूची देवी झाली म्हण की," म्हणाली आणि हसली. खरंच हसली. त्या मुलीची आई आमच्या दोघींकडं बघायला लागली.

"अण्णांना सगळं माहीत होतं, शबाना. तुझ्यावर आळ आला तरी गप्प बसले."

"व्हय."

"तुझी बारावी गेली."

"गेली."

"मला लाज वाटते त्यांची."

आता तिचे हात थांबले. "वर्गात माझं दप्तर उपडं केलंस, ते मास्तरांनी सांगितलं होतं तुला?"

"नाही."

"डबा उघडलास. अम्मानं दिलेल्या भाकरीचे चार तुकडे करून बघितलेस, आत लपवलंय का म्हणून. ते?"

भाकरीचं मी वर लिहिलेलं नाही. विसरले होते असं नाही.

"ते मलाच सुचलं होतं," मी म्हटलं.

"मग मास्तरांचं गाऱ्हाणं माझ्याकडं कशाला आणलंस?"

मी टाक उचलून रुमालात गुंडाळायला लागले. तिनं त्या मुलीचा हात पुन्हा हातात घेतला.

"ढिला सोड गं," तिला म्हणाली, "अजून सहा राहिल्यात."